विसावं अंडं

"अक्का, हात नका लावू," भैरू म्हणाला. "अंडी बसायला लागली म्हंजे पिल्लू दाराशी आलंय."

मी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. माझं सगळं लक्ष खोक्यात होतं. थर्माकोलचं मोठं खोकं, त्यात प्लॅस्टिकचा टब, टबात ओलसर नारळाचा भुसा आणि त्यावर अजगराची एकोणीस अंडी, एकाला एक चिकटलेली. बुधवारपर्यंत टच्च फुगलेली होती. आज गुरुवार, आणि तीन अंड्यांवर अंगठ्यानं दाबल्यासारखे खळगे पडले होते. खळगा म्हणजे पाणी कमी पडलं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

बावीस वर्षं मी कोंबड्यांच्या हॅचरीत काढली आहेत. अंडं नुसतं तळहातावर घेतलं तरी आत जीव आहे की नुसतंच पाणी, हे मला बॅटरी न लावता कळायचं. डॉक्टर पगार घ्यायचे आणि अंडी हौसाबाईला दाखवायचे. हे बढाई म्हणून सांगत नाही, म्हणजे आज सांगत नाही. तेव्हा मात्र येता-जाता सांगायची, ऐकणारा कंटाळेपर्यंत सांगायची.

हॅचरी बंद पडली आणि मी घरी बसले. माझे मालक, म्हणजे नवरा, त्याआधी दोनच वर्षं वारलेले. हायस्कूलचे विज्ञानाचे मास्तर निवास कुंभार यांनी तेव्हा बोलावणं धाडलं. सरांनी घरामागे दोन पत्र्याच्या खोल्यांत सर्पकेंद्र चालवलेलं, लोकांच्या घरात निघालेले साप आणून जंगलात सोडायचे. चैत्रात कालव्याचा बांध खोदताना जेसीबीच्या तोंडाशी अजगराची अंडी निघाली. मादी आवाजानं बुजून गेली ती परत फिरली नाही. सर म्हणाले, "ताई, अंड्यांतलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून हजर झाले.

पहिल्याच दिवशी माझी जिरली होती. हॅचरीत अंडी दिवसातून कितीदा तरी फिरवतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. मी सवयीनं हात घातला तर भैरूनं माझं मनगट धरलं. सापाचं अंडं जसं घातलं तसंच ठेवायचं, कूस बदलली की आतला जीव गुदमरतो, असं त्यानं सांगितलं. सरांनी मान डोलावली. मग भैरूनं प्रत्येक अंड्याच्या डोक्यावर पेन्सिलीनं फुली मारली, वरची बाजू कळावी म्हणून. पण ते मनगट धरणं माझ्या मनातून गेलं नाही.

भैरू जातीचा गारुडी. बापाबरोबर पुंगी वाजवत गावोगाव हिंडलेला. नागाचा खेळ कायद्यानं बंद झाला तेव्हा त्यानं टोपल्या मोडून चुलीत घातल्या. लोक मोठे मजेशीर असतात. घरात साप निघाला की "भैरूला बोलवा" म्हणून ओरडायचे, आणि तोच साप पिशवीत घालून तो रस्त्यानं जंगलाकडे निघाला की तेच लोक पोलिसांना कळवायचे. दोनदा त्यानं चौकीत दिवस काढलेला. म्हणून त्याला जगात एकच गोष्ट हवी होती, वनखात्याचं कार्ड. ह्या इसमास साप पकडून जंगलात सोडण्याची परवानगी आहे, खाली सही, शिक्का, बाजूला फोटो. ही अंडी फुटून पिल्लं जंगलात गेली की भैरूचं कार्ड करतो, असं वनखात्याचे साहेब सरांसमोर बोलून गेले होते.

त्या दिवसापासून तो अंड्यांजवळून हलत नव्हता. फोटो काढायला तालुक्याला जायचं तर अंगावर धड शर्ट नाही. मी मालकांचा पांढरा शर्ट दिला. मालक चांगले भरदार होते आणि भैरू काडी. गळ्याभोवती नुसती कॉलरच दिसायची. फोटो आले तेव्हा मी म्हटलं, "शर्टाचा फोटो छान आलाय रे, आत कोण आहे?" तो लाजून हसला. तीन फोटो पाकिटात घालून त्यानं सरांच्या टेबलाच्या खणात ठेवले.

भाकरी तो माझ्याकडची खायचा, दुपारी गप्पा चालायच्या. वैर असं काहीच नव्हतं. होतं ते माझं नाक.

त्याचं एक वेगळंच चाललेलं असायचं. एकोणीस अंडी चिकटलेली होती, विसावं सुटं निघालेलं. ते त्यानं सरांकडून मागून घेतलं. रुंद तोंडाचं मडकं आणलं, त्यात चाळलेली माती आणि वाळका पाला, मध्ये अंडं. ओलं फडकं मडक्याला बाहेरून गुंडाळायचं, आत पाण्याचा थेंब नाही. त्याचा बाप तसं करायचा म्हणे. सर म्हणाले, बघू तरी काय होतं. मी त्या मडक्याला नाक मुरडायची.

तर त्या गुरुवारी सर शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेले, ते रविवारी रात्री परतायचे होते. जाताना कामं वाटून दिली. खोकं सकाळी एकदाच उघडायचं, उष्णता बघायची, वहीत लिहायची. लिहिता येत होतं म्हणून ते काम माझं. खोक्याला ऊब देणारा बल्ब विझत नाही ना, त्यावर लक्ष ठेवायचं आणि खोली सोडायची नाही, ते काम भैरूचं. आणि नेमके त्याच सकाळी मला खळगे दिसले.

भैरू म्हणाला, सरांना फोन लावा. मी म्हटलं, माणूस शिकायला गेलाय, त्याला अंड्याला खळगा पडला म्हणून बोलवायचं का? बावीस वर्षं मग मी काय गोवऱ्या थापल्या? तो म्हणाला, "न्हाई अक्का, तसं न्हाई. पर ही कोंबडीची न्हाईत." मी वही उघडून उष्णता लिहायला बसले.

हॅचरीचा नियम सांगते. शेवटचे तीन दिवस यंत्रात ओल वाढवायची आणि दार उघडायचं नाही. ओल कमी पडली तर पिल्लू कवचाच्या आतच वाळतं, बाहेर पडायचं बळ राहत नाही. हजारो पिल्लं मी त्या नियमानं काढली होती. माझ्या हिशेबानं अजगराचेही आता शेवटचेच दिवस होते. मग नियम बदलायचं काय कारण?

शुक्रवारी दुपारी माने वस्तीवरून माणूस धावत आला. घरात नाग निघालेला, पाळण्याच्या खोलीत, आणि पाळण्यात तान्हं मूल. भैरू उठला आणि पुन्हा बसला. सरांनी खोली सोडू नको म्हणून सांगितलेलं. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"जा," मी म्हटलं. "मी आहे ना. बल्बकडे मी बघते."

तो गेला. मी दाराला आतून कडी घातली. उकळून गार केलेलं पाणी आणलं, तांब्याभर टबाच्या कडेनं सोडलं, तांब्याभर अंड्यांवर शिंपडलं. टबाच्या झाकणाला हवेसाठी दोन्ही अंगांनी भोकं पाडलेली होती. ओल त्यातून उडून जाऊ नये म्हणून मालकांच्या औषधाच्या डब्यातली जखमेची चिकटपट्टी आणली होती, ती भोकांवर लावली. खोकं बंद केलं, कडी काढली आणि निवांत सुपारी कातरत बसले. भैरू दोन तासांनी परत आला. नाग डोंगराला सोडून आलेला, मूल सुखरूप. मी त्याला चहा केला.

शनिवारी सकाळी झाकण उचललं आणि मला हसू आवरेना. खळगे भरून आलेले. अंडी पुन्हा टच्च. भैरू लांबूनच वाकून बघत होता.

"भरली कशी?" त्यानं विचारलं. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

"माझ्या हाताला गुण आहे," मी म्हटलं.

"बसलेलं अंडं पुन्यांदा भरत न्हाई, अक्का. जरा बघू द्या."

"तूच म्हणतोस ना हात लावू नका? मग लांब राहा."

बिचारा लांब राहिला. तो तोंड धुवायला अंगणात गेला की मी आणखी पाणी शिंपडलं. रविवारीही शिंपडलं. मडक्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही, त्याचा हट्ट, त्याचं तो बघेल. त्यातलं एकटं अंडं खळगा पडून बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच झाला होता. फुटणार नाही म्हटलं हे, आणि मग कळेल कुणाला किती कळतं ते.

सोमवारी सकाळी सर येणार होते आणि बरोबर वनखात्याचे साहेब. मी लवकर जाऊन पट्ट्या काढून टाकल्या. सर विचारतील, भोकं का बुजवली, आणि भैरूसमोर पुन्हा माझी जिरेल, एवढंच मनात होतं. झाकण काढलं तर आतून पाणी निथळत होतं आणि आंबूस वास आला. पण ओल्या भुशाचा वास असेल म्हणून मी स्वतःचं समाधान केलं.

साहेब खुर्चीवर बसले. सरांनी टब बाहेर काढला, भुशात बोट घातलं आणि ते बोट नुसतं बघत राहिले. मग एक अंडं दाबलं, दुसरं दाबलं. छोटी कात्री मागितली. भैरूनं दिली.

पहिलं अंडं कापलं. आत पिल्लू होतं. अर्धंमुर्धं नव्हे, पूर्ण झालेलं. अंगावर तपकिरी नक्षी अशी उठलेली की आत्ताच रंगवलीय. वेटोळं घालून बसलेलं, डोळे निस्तेज, आणि मेलेलं. दुसऱ्यात तसंच, तिसऱ्यात तसंच. एकाचं नाक कवचाला टेकलेलं होतं, आतून ओरखडा काढायला त्यानं सुरुवातही केली होती. सरांनी एकोणीसच्या एकोणीस कापली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. त्या ओरखड्याकडे बघताना मला सगळं कळलं. कोंबडीचं कवच कडक, त्याला बारीक भोकं. हे मऊ कातडं. पाण्यानं फुगलं, वर हवा कोंडली, आणि दाराशी आलेल्या जिवांना मी बाहेरून कडी घातली.

"खोलीत कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

सरांनी भैरूचं नाव सांगितलं. साहेबांनी त्याला विचारलं, खोली सोडून गेला होतास का? भैरू खोटं बोलायचा नाही. शुक्रवारी दुपारी माने वस्तीवर गेलो होतो म्हणाला. किती वेळ? दोन तास. कुणाला सांगून? बल्ब गेला असेल तर कुणाला ठाऊक?

"अक्कास्नी सांगून गेलो, साहेब. त्याच म्हणल्या जा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सरांनी बघितलं. मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग त्या दोन तासांत तुम्ही काय केलंत? माझी पाचावर धारण बसली. बावीस वर्षं हॅचरीत काढलेली हौसाबाई, अंड्यांतली डॉक्टर.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

एवढंच बोलले. भैरूनं मान वर केली. टबाचं झाकण त्याच्या पायाशी पडलं होतं. ते त्यानं उचललं आणि भोकांवरून अंगठा फिरवला. पट्टीचा डिंक तिथंच होता, अंगठा चिकटून सुटला तो आवाजसुद्धा मला ऐकू आला. मग झाकण हातात धरून तो माझ्याकडे बघत उभा राहिला. रागानं नव्हे. वाट बघत असल्यासारखा. मी जमिनीकडे बघत राहिले. त्यानं झाकण अलगद खाली ठेवलं.

"माझ्या पाळीत झालं, साहेब," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

साहेबांनी तिथंच बसून कागद लिहिला. देखरेख करणाऱ्या इसमाच्या हलगर्जीपणामुळे अंडी नासली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं, आणि चोर तिथंच उभा होता.

मंगळवारी मी केंद्रावर गेले नाही. बुधवारी गेले, कारण घरात बसवत नव्हतं. सर मडक्यापाशी उकिडवे बसले होते. मला खुणेनं जवळ बोलावलं. वाळक्या पाल्यात त्या बसलेल्या अंड्याला चीर गेली होती आणि चिरेतून एक डोकं बाहेर आलेलं, अंगठ्याएवढं. जीभ आत-बाहेर चालली होती. सगळ्या जगाचा वास घेत होतं ते. तासाभरानं अख्खं बाहेर आलं, हातभराहून लांब.

मला रडू फुटलं. "सर," मी म्हटलं, "पाणी मी घातलं. भोकं मी बुजवली."

सरांनी पिल्लावरची नजर काढली नाही. "ठाऊक आहे. झाकणावर डिंक होता. सोमवारीच बघितला मी."

"मग साहेबांपुढं बोलला का नाहीत?"

"तुम्हाला कामावर मी घेतलं, ताई. तुमचं नाव आहे केंद्राच्या कागदावर. तुमच्या हातून झालं म्हणजे केंद्राच्या हातून झालं, उद्या टाळं लागलं असतं." सरांनी मडक्यावरचं फडकं सारखं केलं. "भैरूचं नाव कुठंच नव्हतं."

ज्याला कार्ड नव्हतं त्याच्यावरच ते टाकणं सोपं गेलं. सर तोंड फिरवून बसले. त्यांनाही ते शोभलं नव्हतं, आणि ते त्यांना कळत होतं. मी त्यांना काय बोलणार? मला तरी बोलायला कुठं जागा होती?

मी तशीच उठून वनखात्याच्या कचेरीत गेले. साहेबांना सगळं सांगितलं, पाणी, पट्टी, दोन तास, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, कागद वर गेला, आता त्या माणसाच्या नावानं काही व्हायचं नाही. येताना केंद्रावर थांबून सरांच्या खणातून फोटोचं पाकीट घेतलं आणि ओढ्यापलीकडे गारुड्यांची पालं होती तिथं गेले.

भैरू दोरी वळत होता. मला बघून उठला, बसायला पोतं टाकलं. मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, "मडक्यातलं?"

"फुटलं. आज सकाळी."

तो असा हसला की बायको पालातून डोकावली. तिला त्यानं सांगितलं, मग मला पुन्हा विचारलं, केवढं आहे, जीभ काढतं का, अंगावरची नक्षी कशी. मी सगळं सांगितलं. मग मी म्हटलं, "पाणी मी घातलं होतं भैरू. आणि मला आठवत होतं. तू सांगून गेलास ते मला पक्कं आठवत होतं."

"ठावं हाय," तो म्हणाला. "झाकणाला अंगठा लावला तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं कोन ऐकतंय, अक्का? तुमी बोलाल म्हणून हुबा व्हतो."

त्याच्या बायकोनं चहा दिला. भैरू दोरीचं टोक बोटाला गुंडाळत बसला होता. हळूच म्हणाला, "पर आता येक तर फुटलं न्हवं? मग कार्ड मिळंल का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी पाकीट पुढे केलं. तिन्ही फोटो त्यानं तळहातावर मांडून बघितले, दोन ठेवले, एक मला परत दिला. "शर्ट तुमच्या मालकांचा हाय," म्हणाला. बायकोनं शर्ट आणून दिला, धुऊन, नीट घडी घातलेला.

केंद्रावर मी पुन्हा गेले नाही. दोन वर्षांनी बाजाराच्या दिवशी कळलं, भैरूला चौकीत बसवलंय. पिशवीत नाग सापडला. नाग माने वस्तीवरच निघालेला, त्याच लोकांनी त्याला बोलावलेलं, आणि आता त्यांच्यातला एकही जण पुढे येईना. मी चौकीत गेले. हवालदाराला सांगितलं, हा माणूस सापाचा धंदा करत नाही, जीव वाचवतो, मी सगळं सांगते, मला सगळं नीट आठवतंय.

"बाई, तुमचं तोंडी काय करू?" हवालदार म्हणाला. "वनखात्याचं कार्ड आहे का त्याचं?"

भैरू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, त्या सोमवारी बघितलं होतं तसंच. मी पिशवीतून तो फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. पांढरा शर्ट, मोठी कॉलर, आत लाजून बसलेला भैरू. हवालदारानं फोटो उलटून बघितला. त्याच्यावर शिक्का नव्हता.